हिरोशिगेचा पाऊस कोणाचा?

हिरोशिगेच्या ‘ओहाशी पुलावरील अवचित सर’ या १८५७ सालच्या छापचित्रातील पावसाची रसिक मंडळी वाखाणणी करतात. ती रास्तच आहे. परंतु तो पाऊस एकट्या हिरोशिगेने पाडलेला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

एदो नगरीतला, म्हणजे आजच्या तोक्योतला, हा उद्योग चौघांचा असे. भांडवल घालणारा प्रकाशक, चित्रकार, ठसे कोरणारा आणि छापणारा. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरणारा त्यावरूनच सुरी चालवी. म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच नाहीसे होई! आज आपण जिला हिरोशिगेची रेषा म्हणतो, ती त्या सुरीतून आलेली असते. ठशावर रेषा उठावाची राहावयाची, तर तिच्या दोहों बाजूंचे लाकूड काढावे लागते. पावसाची केसासारखी एकेक धार अशी दोन्ही अंगांनी तासून राखलेली आहे.

छापणारा तर याहून उपेक्षित. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. ते एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून फळीच्या कडेला कोरलेल्या खुणांना, ‘केन्तो’ना, कागद भिडवावयाचा. दाबयंत्र नाही, बांबूच्या सोपटात गुंडाळलेल्या चकतीने कागद पाठीमागून घासावयाचा. आकाशात वरून विरत येणारी ती काळी छटा कोरलेली नाहीच. फळीवरचा ओला रंग विरळ करीत ती दर प्रतीस नव्याने साधावी लागे. त्यामुळे एखाद्या प्रतीत ढग ओथंबून येतो, तर दुसरीत नुसता पट्टा उरतो. (आणि नावे ठेवावयाची ती आपण हिरोशिगेला!)

व्हॅन गॉगने १८८७ साली याच चित्राची तैलरंगात नक्कल केली. रंग झणझणीत आहेत. पण पाऊस कुंचल्याचा झाला आणि त्या धारांची धार गेली.

१९०४ साली यामामोतो कानाए याने ‘कोळी’ हे चित्र स्वतः रेखाटून स्वतःच कोरले. त्या मार्गाने गेलेल्यांनी एकहाती निर्मितीलाच खरी कला मानले. त्यांच्या कामात ताजेपणा आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि तेवढ्यावरून जुन्या पद्धतीस नुसती कारागिरी ठरविणे आम्हांस पटत नाही. हिरोशिगेच्या पावसाखालच्या पाटीवर प्रकाशक उओया एइकिची याचे नाव असावे; आणि कोरणाऱ्याचे व छापणाऱ्याचे ठाऊक नसेल, तर ‘अज्ञात’ असे दोनदा लिहावे.