'नाही' म्हटल्यानंतरची मैत्री

ख्रिस्ती धर्मप्रसारकांमध्ये एक जुना वाद आहे. मुसलमानांना येशूबद्दल सांगायचं तर कसं? एक बाजू म्हणते, चौकात उभं राहून स्पष्ट सांगा, कुणी चिडलं तर चिडू दे. दुसरी म्हणते, आधी शेजारी व्हा, चहा प्या, त्यांच्या घरच्या लग्नाला जा, बोलायची वेळ आपोआप येईल. दोन्ही बाजू मोजमाप मात्र एकच लावतात: कशाने जास्त लोक येतात? मी ख्रिस्तीही नाही आणि मुसलमानही नाही. या वादातली पुस्तकं बाहेरून वाचताना मला दुसराच प्रश्न छळत राहिला. समोरचा 'नाही' म्हणाला, की पुढे काय?

पहिल्या बाजूचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे 'मीझान-उल-हक', सत्याचा तराजू. कार्ल फांडर या जर्मन मिशनऱ्याने ते १८२९ मध्ये कॉकेशसमधल्या शुशा गावी लिहिलं. १८३५ मध्ये ते फारसीत आलं आणि १८४३ मध्ये उर्दूत. त्याची रचना इंजिनिअरला आवडावी अशी आहे. खऱ्या ईश्वरी ग्रंथाच्या कसोट्या आधी ठरवायच्या, मग बायबल त्यांत पास करायचं आणि शेवटी कुराण नापास. अडचण एवढीच की अभ्यासक्रम ठरवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा माणूस एकच आहे. मुसलमानाच्या शंकासुद्धा फांडरच लिहितो. आजच्या वेबसाइटवरच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांसारखं हे पुस्तक आहे. ज्याचं उत्तर तयार आहे तोच प्रश्न त्यात विचारला जातो.

१० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी आग्र्यात मात्र फांडरसमोर खराखुरा माणूस बसला. मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांच्या मदतीला डॉ. वझीर खान. फांडरच्या बाजूला थॉमस व्हॅल्पी फ्रेंच. पाच विषय ठरले होते. दोन दिवसांत चर्चा पहिल्या दोनांवरच झाली. बायबल रद्दबातल ठरलं आहे का, आणि त्याच्या मजकुरात बदल झाले आहेत का? वझीर खानांनी युरोपातल्याच बायबल-अभ्यासकांचे दाखले पुढे ठेवले. काही ठिकाणी पाठभेद आहेत हे फांडरला कबूल करावं लागलं. मूळ शिकवणीला त्याने धक्का लागत नाही, असं तो म्हणत राहिला. तिसरा दिवस उजाडलाच नाही. नंतर दोन्ही बाजूंनी आपापला वृत्तान्त छापला आणि दोन्हीकडे विजय आपलाच होता.

फांडरच्या धाडसाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. आग्र्यावर तेव्हा कंपनी सरकारचं राज्य होतं. सत्ता ज्याच्या धर्माची, त्याने चौकात बोलणं आणि सत्ता गमावलेल्याने उत्तर देणं, या दोघांना सारखीच किंमत मोजावी लागत नाही. १८५७ नंतर कैरानवींची मालमत्ता जप्त झाली आणि ते मक्केला निघून गेले. पुढे ऑटोमन सुलतानाच्या आश्रयाने त्यांनी 'इझहार-उल-हक' लिहिलं. फांडरला मिळालेलं 'नाही' हे असं ग्रंथरूप झालं. पुढे दक्षिण आफ्रिकेत दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाच्या हाती ते पुस्तक पडलं. तो तरुण म्हणजे सुरत जिल्ह्यातल्या तडकेश्वरला १९१८ मध्ये जन्मलेले अहमद दीदात. दीदातांपासून प्रेरणा घेऊन मुंबईचे डॉक्टर झाकिर नाईक व्यासपीठावर उभे राहिले. 'अमक्याने तमक्याची बोलती बंद केली' छापाच्या ज्या क्लिप आपल्या फोनवर येतात, त्यांचं घराणं आग्र्यापर्यंत जातं. निर्भीड घोषणेने उत्तरात निर्भीड घोषणाच जन्माला घातली.

मग मैत्रीचा मार्ग बरा? इथे मला माझ्या पिढीचा एक ओळखीचा अनुभव आठवतो. कॉलेजचा मित्र चार वर्षांनी फोन करतो, कॉफीला बोलावतो, आईची तब्येत विचारतो आणि वीस मिनिटांनी टेबलावर एका स्कीमचं माहितीपत्रक येतं. राग स्कीमचा येत नाही. आईच्या चौकशीचा येतो, कारण तीही स्कीमचाच भाग होती हे आता कळलेलं असतं. हेतू लपवून केलेली मैत्री फांडरच्या तराजूपेक्षा वाईट. फांडरने निदान पत्ते उघडे ठेवले होते. त्याला समोरून उत्तर देता येत होतं.

या बाजूचं सर्वांत देखणं पुस्तक मला केनेथ क्रॅग यांचं 'द कॉल ऑफ द मिनारेट' (१९५६) वाटतं. क्रॅग अँग्लिकन धर्मगुरू, पुढे बिशप झाले. अजानमधला एकेक शब्द घेऊन ते इस्लाम उलगडतात. इथे तराजू नाही, कान आहे. पण उत्तरार्धात 'परत मिळवून देणे' या नावाचं एक प्रकरण येतं. मुसलमानांकडून हरवलेला ख्रिस्त त्यांना परत द्यायचा, असा त्याचा रोख. इतका वेळ मन लावून ऐकणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीपासूनच होतं की काय, अशी शंका तिथे चुटपुट लावते. तरीही क्रॅग ते लपवत नाहीत. छापून मोकळे होतात. आणि शेवटचं प्रकरण धीर धरण्याबद्दल आहे. 'नाही' ऐकल्यानंतरही तिथेच थांबायची तयारी त्यात आहे.

ही तयारी प्रत्यक्षात कशी दिसते, ते शार्ल द फुकोच्या आयुष्यात दिसतं. (तत्त्वज्ञ फुको वेगळा.) हा फ्रेंच धर्मगुरू १९०५ मध्ये अल्जीरियातल्या तामनरासेतला तुआरेग लोकांमध्ये राहायला गेला. त्याने त्यांच्या भाषेचा कोश केला, त्यांच्या कविता गोळा केल्या. १९०८ च्या जानेवारीत तो मरणाच्या दारात होता. दुष्काळ असूनही शेजाऱ्यांनी कुठून कुठून शेळीचं दूध जमवून त्याला जगवलं. द्यायला आलेला माणूस घेणारा झाला. धर्मांतरं जवळजवळ झालीच नाहीत आणि तो गेलाही नाही. १ डिसेंबर १९१६ ला तिथेच मारला गेला. तोही सत्तेपासून स्वच्छ नव्हता. तो माजी लष्करी अधिकारी होता आणि फ्रेंच राजवट वाढावी असं त्याला वाटत होतं. पण त्या दुधामागे कुठली स्कीम नव्हती.

आणि 'हो' म्हणणारा? इमादुद्दीन हे आग्र्यात मशिदीतून फांडरविरुद्ध बोलणारे मौलवी. १८६६ मध्ये अमृतसरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वादविवादात ते हरले नव्हते. ओळखीतले सफदर अली ख्रिस्ती झाल्याची बातमी आली, त्यांना खोडून काढायला म्हणून पुस्तकं उघडली आणि ते वाचतच गेले. यात कुठल्या बाजूची पद्धत जिंकली? मला तरी हिशोब लागत नाही. घोषणा करणारा भाषण संपल्यावर घरी जातो. 'हो' म्हणणाऱ्याला बरेचदा घरच उरत नाही. त्याला त्या रात्री तराजू उपयोगाचा नाही, दार उघडणारं कुणीतरी लागतं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. काय मानता ते पहिल्याच चहाला सांगा, आडपडदा न ठेवता. समोरचा 'नाही' म्हणाला, तर दुसऱ्या चहालाही या.