गांबिया आणि परभणी : नकाशासंग्रहाच्या एका दोषाविषयी

झरी हे परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तेथील काही विद्यार्थ्यांपुढे जगाच्या नकाशाविषयी बोलण्याचा प्रसंग आम्हाला आला. आमचे नेहमीचे उदाहरण तयारच होते. भिंतीवर लावतात त्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. मुलांना आश्चर्य वाटले, आम्हाला समाधान. मग एका मुलीने नकाशासंग्रह उघडला, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, "सर, हा गांबिया देश आपल्या परभणी जिल्ह्याएवढा तरी असेल का?"

"नसावा," असे आम्ही म्हणालो. घरी येऊन आकडे पाहिले, तेव्हा आमचे उत्तर साफ चुकले होते.

गांबियाचे क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर आहे. आजच्या परभणी जिल्ह्याचे सुमारे ६,२००. म्हणजे गांबिया परभणीच्या पावणेदोन पटींहून मोठा आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. त्यापूर्वीचा परभणी जिल्हा सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचा होता. जुना परभणी जिल्हा आणि गांबिया ही जोडी जवळजवळ बरोबरीची. आकार मात्र अगदी वेगळा. गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी हा देश पट्टीसारखा पसरला आहे. एका टोकाला अटलांटिक महासागर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना सेनेगल. त्याची लांबी परभणी ते पुणे या सरळ रेषेतील अंतराएवढी, तर रुंदी कोठेही ५० किलोमीटरच्या पुढे जात नाही. परभणीहून निघून झरी ओलांडून जिंतूर गाठावे, तेवढ्यात हा देश जवळजवळ संपला!

आता प्रश्न असा, की आमचा अंदाज इतका का चुकला? मर्केटरला दोष देण्याची सोय येथे नाही. त्याच्या १५६९ च्या नकाशात क्षेत्रफळ फुगते ते विषुववृत्तापासून दूर जावे तसे. साठ अक्षांशावर ते चौपट दिसते. पण गांबिया साडेतेरा अक्षांशाच्या जवळ आणि परभणी एकोणीसच्या थोडी वर. पहिल्याचे क्षेत्रफळ शेकडा ६ ने फुगते, दुसऱ्याचे शेकडा १२ ने. या तुलनेत एवढा फरक नगण्य होय. १९७३ मध्ये आर्नो पीटर्स यांनी समक्षेत्र नकाशाचा पुरस्कार केला आणि २०२५ मध्ये आफ्रिकन संघाने मर्केटर नकाशा बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. हे प्रयत्न योग्यच आहेत. परंतु झरीच्या त्या मुलीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

खरा दोष नकाशाच्या प्रमाणात आहे. समजा, नकाशासंग्रहात आफ्रिका १ सेंटिमीटरला ३०० किलोमीटर या प्रमाणाने काढली आहे आणि महाराष्ट्र १ सेंटिमीटरला २५ किलोमीटर या प्रमाणाने. प्रमाणे बारा पटींनी वेगळी. म्हणून क्षेत्रफळे बाराचा वर्ग, म्हणजे १४४ पटींनी वेगळी. जुना परभणी जिल्हा कागदावर साडेसतरा चौरस सेंटिमीटर जागा घेतो. तेवढ्याच गांबियाच्या वाट्याला एक चौरस सेंटिमीटरचा आठवा हिस्सा येतो. मर्केटरचे ग्रीनलंड कितीतरी पट फुगते म्हणून आपण व्याख्याने देतो आणि दोन पानांमधील ही १४४ पट तफावत मात्र मुकाट्याने उलटतो.

नकाशासंग्रहाच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की तो खोटे बोलत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी प्रमाण छापलेले असते. पण डोळा आधी आकार पाहतो. प्रमाण वाचायचे राहून जाते. हा दोष पानावर सुधारता येतो. आफ्रिकेच्या पानाच्या कोपऱ्यात त्याच प्रमाणाने महाराष्ट्र काढावा, एवढेच. तो अगदी लहान दिसेल, आणि नेमके हेच मुलांना दिसले पाहिजे.

लोकसंख्येच्या बाबतीत दोष निराळा आहे. क्षेत्रफळ सहसा बदलत नाही, लोकसंख्या रोज बदलते. तरी कोष्टकात दोन्ही आकडे शेजारीशेजारी, पुष्कळदा वर्षाशिवाय छापलेले असतात. २०११ च्या जनगणनेत परभणी व हिंगोली मिळून ३०,१३,४३१ लोक होते. गांबियात २०१३ च्या जनगणनेत जवळजवळ १९ लाख. म्हणजे जागा दोन जिल्ह्यांएवढी आणि माणसे एकट्या परभणीएवढी, कारण २०११ मध्ये परभणीची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. पण २०२४ च्या जनगणनेत गांबियाची संख्या २४ लाखांवर गेली. जुना आकडा पाठ करणारा विद्यार्थी पाच लाख माणसे वगळतो. घनतेतही सावधपणा हवा. गांबियाच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा पाण्याखाली आहे. तो धरावा की वगळावा, यावर उत्तर बदलते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १० किलोमीटर असे प्रमाण घ्यावे. जुना परभणी जिल्हा सुमारे ११० चौकोन व्यापेल, गांबिया ११३. मग दहा हजार माणसांना एक याप्रमाणे ज्वारीचे दाणे मांडावेत : परभणी-हिंगोलीवर ३०१, गांबियावर आधी १९० आणि नंतर २४०. कोणत्या वर्षाचे दाणे, हे मुलांकडून कागदावर लिहून घ्यावे.

गांबिया १९६५ मध्ये स्वतंत्र झाला. त्याला स्वतःचे चलन आहे, संसद आहे, संयुक्त राष्ट्रसंघात एक मत आहे. तेवढ्याच भूमीवर आपल्याकडे दोन जिल्हाधिकारी कारभार पाहतात. यात अभिमानाचे काही नाही आणि कमीपणाचेही नाही. परंतु "गांबियात एक लाख लोक पुरात सापडले" अशी बातमी उद्या आली, तर ती किती मोठी, हे समजायला हवे : दर चोवीस माणसांत एक! पानावरची रेघ पाहून हे समजत नाही; ती रेघ आपल्या तालुक्याच्या रस्त्याने मोजली, म्हणजे समजते. त्या मुलीने नेमके तेच मागितले होते. उत्तर चुकले ते आमचे. प्रश्न बरोबर होता.