एकट्याचें गलबत आणि त्याची वही

शिडाच्या होडींतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या माणसांचे ग्रंथ गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांचें कौतुकही पुष्कळ झालें आहे. परंतु कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे. ग्रंथकर्त्यानें पराक्रम केला म्हणून ग्रंथही थोर, असें समजण्याची आम्हां मराठी वाचकांस जुनी खोड आहे. तीमुळें वीराचा सत्कार होतो, पण त्याचें पुस्तक न वाचलेलेंच राहतें. ह्या ग्रंथांकडे ग्रंथ म्हणून कसें पाहावें, त्यांच्या खरेपणाची कसोटी कोणती, एवढाच प्रश्न येथें विचारांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही पेठ वडगावांत राहून हें लिहीत आहोंत. येथून समुद्र गांठावयाचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जावें लागतें. आमच्या गांवाची ख्याति बाजारपेठेबद्दल व गुरांच्या बाजाराबद्दल आहे, शिडांबद्दल नाहीं. तेव्हां उंसाच्या मुलखांतल्या माणसानें सागरग्रंथांची परीक्षा करावी काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य नाहीं. ज्यास बैल पारखावयाचा असतो तो मालकाच्या तोंडची स्तुति ऐकत बसत नाहीं. तो बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, आणि चार पावलें चालवून पाहतो. पुस्तकाचेही दांत पाहतां येतात.

ह्या वाङ्मयप्रकारांत एक अडचण अशी आहे कीं, जी इतर प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाहीं. येथें साक्षीदार नसतो. वादळ किती मोठें होतें, रात्रीं कोण जागलें, धीर केव्हां सुटला, हें सांगणारा एकच, आणि तोच ग्रंथाचा नायक. उपग्रहांच्या साहाय्यानें आज होडीचें ठिकाण किनाऱ्यावरून पाहतां येतें. पण होडी कोठें आहे एवढेंच त्यावरून कळतें, माणसाचें काय चाललें आहे तें कळत नाहीं. म्हणून एकट्या नाविकाची रोजची नोंदवही हाच ह्या वाङ्मयाचा पाया होय.

हा पाया किती सहज खचूं शकतो याचें उदाहरण १९६८ सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतींत घडलें. न थांबतां एकट्यानें जगाची फेरी पुरी करावयाची, अशी ती शर्यत. नऊ जण निघाले, एकच परत पोहोंचला. त्यांतील डोनाल्ड क्रोहर्स्ट हा दक्षिण महासागरांत गेलाच नाहीं. तो अटलांटिकमध्येंच फिरत राहिला आणि खोटीं ठिकाणें बिनतारी यंत्रानें कळवीत राहिला. १९६९ च्या जुलैंत त्याची होडी रिकामी सांपडली. तो कधींच सांपडला नाहीं. खोटी नोंद लिहिणें हें खऱ्या नोंदीहून अवघड काम आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. जेथें आपण गेलोंच नाहीं तेथून सूर्य किती उंच दिसला असता, याचें उलट गणित मांडावें लागतें. म्हणजे केवळ आंकड्यांची रेलचेल ही खरेपणाची खूण ठरत नाहीं. परंतु ह्याच माणसानें खऱ्या ठिकाणांचीही नोंद ठेविली होती, व तीवरूनच पुढें जगास सत्य कळलें. जग फसविण्यास निघालेल्यासही स्वतःपुरती एक खरी वही लागली, ही गोष्ट ह्या वाङ्मयाच्या अभ्यासकानें विसरूं नये.

मग कसोटी कोणती? आमच्या मतें ती अशी: पुस्तकांत एकटेपणाचा गौरव किती आहे हें न पाहतां, त्या एकटेपणाखालीं किती काम आणि किती हात दडले आहेत याचा हिशेब लेखक देतो कीं नाहीं, हें पाहावें. तो हिशेब ज्या पुस्तकांत आहे तेंच टिकतें.

ह्या प्रकारचा आद्य ग्रंथ जोशुआ स्लोकम याचा. तो १८९५ च्या एप्रिलांत बोस्टनहून निघाला व १८९८ च्या जूनमध्यें न्यूपोर्टास परतला. त्याचें पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें. वाचक वादळांच्या अपेक्षेनें तें उघडतो, आणि त्याच्यापुढें प्रथम येतें तें सुतारकाम! 'स्प्रे' ही जीर्ण होडी एका शेतांत पडून होती. ती त्यानें तेरा महिने खपून जवळजवळ नवी बांधिली, आणि त्यासाठीं ओकचें झाड कसें तोडलें, फळ्या वाफेवर कशा वांकविल्या, खर्च किती आला, हें तो निश्चिंतपणें सांगत बसतो. घाईच्या वाचकास हा भाग कंटाळवाणा वाटेल. आम्हांस तोच ग्रंथाचा पाया वाटतो. पुढें प्रशांत व हिंदी महासागरांत सुकाणू बांधून ठेविलें असतांही ती होडी दिवसचे दिवस सरळ चालली, असें तो सांगतो. ज्यानें हिचा लांब कणा बसवितांना आम्ही पाहिला आहे, त्याच्या ह्या सांगण्यावर आमचा विश्वास बसतो. तापांत पडला असतां कोलंबसाच्या ताफ्यांतील एक वाटाड्या सुकाणूवर उभा असल्याचा त्याला भास झाला, तोही तो त्याच सुरांत सांगतो. भासाची त्यानें कविता केली नाहीं, आणि त्याबद्दल लाजही बाळगली नाहीं. हा संयम शैलीचा आहे खरा, पण त्याची तालीम कारागिरींत झाली आहे.

गोल्डन ग्लोब शर्यतींत जो एकटा पोहोंचला तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. तो १४ जून १९६८ रोजीं निघाला व २२ एप्रिल १९६९ रोजीं परतला. त्याची 'सुहैली' ही बत्तीस फुटी सागवानी होडी मुंबईस बांधलेली होती. न थांबतां एकट्यानें केलेली जगांतील पहिली प्रदक्षिणा आमच्याकडील सुतारांच्या हातच्या होडींतून झाली, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? त्याच्या ग्रंथांतील उत्तम प्रसंग आम्हांस केप हॉर्नचा वाटत नाहीं. तो आहे अटलांटिकमधील. होडींत पाणी येऊं लागलें. कण्याजवळची सांध उघडली होती. भर समुद्रांत बुडी मारून, श्वास टिकेल तेवढ्याच वेळांत, त्यानें ती सांध कापसानें भरली व वरून तांब्याची पट्टी ठोकली. मध्यें शार्क आला तेव्हां वर येऊन त्यास गोळी घालावी लागली. इतर कोणाही लेखकानें येथें शार्कास नायक केलें असतें. ह्याच्या लेखनांत नायकपद सांधेकडे राहतें. पारितोषिकाचे पांच हजार पौंड पुढें त्यानें क्रोहर्स्टच्या कुटुंबास दिले. हें कृत्य ग्रंथसमीक्षेच्या बाहेरचें खरें, परंतु दोन वह्यांतील अंतर त्यावरूनही कळतें.

कण्याचा विषय निघालाच आहे, तर तो थोडा स्पष्ट करणें अवश्य आहे, कारण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकाच्या तो सहसा ध्यानांत येत नाहीं. शिडांवर वारा बसला कीं होडी कलते आणि आडवीही वाहवते. दोहोंस प्रतिबंध म्हणून तळाशीं जड कणा असतो. ज्या मुख्य लांकडावर गलबत उभें राहतें त्यास आमच्याकडील जुने नौका बांधणारे पठाण म्हणत, आणि तोल राखण्यासाठीं तळांत भरलेल्या वजनास नीरम म्हणत. अर्वाचीन होडींत दोहोंचें कार्य बहुधा एकच कणा करतो. १९८३ सालीं 'ऑस्ट्रेलिया टू' ह्या नौकेनें न्यूयॉर्कच्या क्लबाकडे १३२ वर्षें राहिलेला अमेरिका कप जिंकला, तेव्हां बेन लेक्सन याच्या नांवें प्रसिद्ध झालेला तिचा पंखांचा कणा जगभर गाजला. कण्याच्या खालच्या टोकास दोन्ही बाजूंस आडवे पंख. त्यामुळें वजन खालीं राहतें, कणा आंखूड चालतो, व उथळ पाण्यांतही होडी नेतां येते. सहलीच्या अनेक होड्यांना पुढें असे कणे लागले.

परंतु ह्या सोयीस दुसरी बाजू आहे. साध्या कण्याची होडी गाळांत रुतली तर तिला एका अंगावर कलवितात. कणा तिरपा होऊन वर उचलला जातो आणि ती सुटते. पंखांच्या होडीस कलविलें तर एक पंख आणखी खालीं जातो, आणि चिखलांत नांगरासारखा धरून राहतो. बरोबर सोबती असला तर एक जण लहान पडावांतून नांगर खोल पाण्यांत नेऊन टाकतो व दुसरा दोर ओढतो. एकट्या माणसास शिडें, सुकाणू, पडाव, नांगर हीं सर्व कामें एकापुढें एक करावीं लागतात, आणि ओहोटी कोणासाठीं थांबत नाहीं. कोकणांतील खाड्यांचा गाळ ज्यांस माहीत आहे त्यांस हें सांगावयास नको. एकटेपणा म्हणजे आकाशाखालचें चिंतन ही घरीं बसलेल्या वाचकाची कल्पना होय. होडींत एकटेपणा म्हणजे दोन हात कमी असणें. ही गोष्ट ज्या पुस्तकांत सांपडत नाहीं तें पुस्तक, त्यांत कितीही सूर्यास्त असोत, आम्ही बाजूस ठेवूं.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि तो घेणारा रसिक असेल. तो म्हणेल, बर्नार्ड म्वातेस्सिए याचें काय? त्याच शर्यतींत विजय आवांक्यांत असतां त्यानें शर्यत सोडली, परत न येतां होडी पुढें हांकली, आणि तो ताहितीस जाऊन पोहोंचला. त्याचा ग्रंथ समुद्राशीं झालेल्या तादात्म्याचा आहे, हिशेबाचा नाहीं. आक्षेप वजनदार आहे. परंतु तो ग्रंथ शेवटपर्यंत वाचणारास दिसेल कीं, त्याच्या अखेरीस शिडें, दोर व वादळांतील वर्तन यांविषयीं एक दीर्घ परिशिष्ट जोडलेलें आहे. त्याची समाधि ज्या डोलकाठीला टेकून लागली, ती डोलकाठी त्यानें स्वतः तपासलेली होती. अनुभव उंच जावयास हरकत नाहीं. त्याच्या तळाशीं नीरम असला म्हणजे झालें.

आतां आपल्याकडे वळूं. एकट्यानें शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे दिलीप दोंदे. ते १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन येथें थांबून २०१० च्या मे महिन्यांत परतले. त्यांची 'म्हादेई' ही छपन्न फुटी होडी गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. ह्या संकल्पाचे जनक व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. निवृत्तीनंतर ते राहत कोठें? सातारा जिल्ह्यांत, फलटणजवळच्या विंचुर्णी ह्या गांवीं! समुद्राचें मोठें स्वप्न माणदेशाच्या शेजारच्या कोरड्या रानांत बसून पाहिलें गेलें. पेठ वडगावच्या वाचकानें यावरून धीर घ्यावा.

दोंदे यांचा इंग्रजी ग्रंथ 'द फर्स्ट इंडियन' आमच्या कसोटीस उतरतो, आणि तो उतरतो तो त्यांतील प्रसिद्धीस न आलेल्या भागामुळें. संकल्प स्वीकारल्यापासून प्रस्थानापर्यंत सुमारें तीन वर्षें गेलीं. आराखडा, कारखाना, मंजुऱ्या, चाचण्या. प्रदक्षिणेहून ही तयारीच दीर्घ होती, आणि लेखकानें ती गाळलेली नाहीं. नांव एकट्याचें, पण पानांवर माणसांची वर्दळ, हा विरोध ग्रंथाचा दोष नसून त्याचें सत्य आहे. पुढें 'म्हादेई'तूनच अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं न थांबतां प्रदक्षिणा केली, तेव्हां किनाऱ्यावरून त्यांची पाठराखण करणारे दोंदेच होते. ज्यानें एकटेपणा भोगला तोच दुसऱ्याच्या एकटेपणाचा किनारा झाला.

आमची तक्रार ग्रंथाविषयीं नाहीं, आमच्या भाषेच्या कारभाराविषयीं आहे. होडी गोव्यांतील, स्वप्न फलटणच्या मुलखांतील, बंदर मुंबईचें. आणि मूळ ग्रंथ इंग्रजींत. मराठीस शब्द नाहींत म्हणून असें झालें, हें आम्ही मान्य करणार नाहीं. तांडेल, परबाण, नाळ, पठाण, नीरम हे शब्द किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले. मोल्सवर्थनें असे शब्द आपल्या कोशांत घेतले, त्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. आमच्या गद्यानें मात्र ते आंत घेतले नाहींत. आमच्या साहित्यांत समुद्र पुष्कळ आहे, परंतु तो बहुतेक वाळूवर उभें राहून पाहिलेला आहे. त्यांत लाटा आहेत, सांधा नाहींत. आरमाराचा अभिमान आम्ही सभांतून गातों. त्या आरमारांतील एक फळी दुसरीस कशी जोडली जाई, हें सांगणारें पान शोधावयास मात्र वणवण करावी लागते.

पुढें एखादा मराठी नाविक, किंवा नाविका, आपली वही मराठींत लिहील, अशी आम्हांस आशा आहे. त्या वेळीं आमच्या समीक्षकांनीं प्रथम हारतुरे काढूं नयेत. कणा कसला होता, तो कोणीं बसविला, गळती कोठें लागली व ती कशी बुजविली, हें आधीं विचारावें. उत्तर पुस्तकांत सांपडलें तर मग अवश्य हार घालावा. पण त्या हारांतलीं चार फुलें सुताराकरितां राखून ठेवावीं.