लालीचा नकार

दूध तोडणं म्हणजे आपल्याकडे कडुनिंबाचा पाला आणि दोन-चार रात्रींची रडारड. सुरतेत अमरोलीपलीकडे, कोसाडच्या आवास वसाहतीत थंडीच्या दिवसांत जिन्याखाली व्यायलेली लाली ही कुत्री इतकी घाई करत नाही. तिचा नकार कित्येक आठवडे पिकत जातो, आणि रस आहे तो त्या पिकण्यात.

पिल्लं तीनेक आठवड्यांची होतात, सुईसारखे दुधाचे दात फुटतात. लाली कुठूनतरी खाऊन येते आणि त्यांच्यापुढे ओकते. बघणारे नाक मुरडतात. पण जरा नीट पाहावं. पिल्लं तिच्या ओठांचे कोपरे चाटतात, तेव्हा हे घडतं. कोमट, ओलसर, पोटात मऊ झालेला घास. पहिलं जेवण याहून बेतशीर कोण रांधणार? मोठा कुत्रा घरी आलेल्या माणसाचं तोंड चाटायला झेपावतो, त्याचं मूळही याच हट्टात मानतात.

मग तिचं अंग बोलू लागतं. आधी आडवी पडून पाजायची, आता उभ्यानं पाजते. मध्येच चालू पडते आणि आचळाला चिकटलेलं एखादं पिल्लू फरफटत जातं. पुढे पोट जमिनीला दाबून बसणं, पुढे गुरगुर. शेवटी ती झडप! जबडा पिल्लाच्या तोंडावर मिटतो आणि ओरखडाही उठत नाही. पिल्लू मात्र जगबुडी झाल्यासारखं केकाटतं. गळ्यात एवढा राग असताना दात इतके हलके ठेवणं, ही या साऱ्या खेळातली सर्वांत अवघड जागा.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या मानबी पॉल आणि अनिंदिता भद्र यांनी मोकाट कुत्र्यांमधला हा झगडा मोजला. २०१७च्या त्यांच्या निबंधात तो पिल्लांच्या वयाच्या सातव्या ते तेराव्या आठवड्यांत रंगतो. पाजणं आखूड होतं, आई आपणहून कमी वेळा पाजते आणि जास्त वेळा उठून जाते. त्यात एक झकास उपकथानकही आहे. पिल्लं दुसऱ्या पाजत्या कुत्रीचं दूध चोरतात!

रसभंग करतो माणूस. मूळची धुळ्याकडची एक मावशी वाटीभर गाईचं दूध ठेवते. माया खरी, पण कुत्रीच्या दुधात मेद आणि प्रथिनं गाईच्या जवळपास दुप्पट असतात, साखर कमी. त्या वाटीनं पिल्लांना हगवण लागू शकते. त्यापेक्षा मऊ भात आणि उकडलेलं अंडं कोमट पाण्यात पातळ कालवून उथळ ताटलीत द्यावं. पिल्लं आधी ताटलीत उभी राहतात, मग खायचं असतं हे त्यांना कळतं.

आणि लालीसाठी वेगळी ताटली ठेवावी, जरा लांब. सुरुवातीला मिळालेलं अन्न ती पिल्लांना खाऊ देते, पण चार-सहा आठवड्यांत तिचं वाटून घेणं आटतं आणि हिसकावणं वाढतं, असं याच अभ्यासकांना आधी आढळलं होतं. महिनाभर दूध पाजून तिच्याही बरगड्या दिसू लागलेल्या असतात.