महामहोपाध्याय मिराशी आणि केळझरची एकचक्रा

नागपुराहून वर्ध्यास जातांना केळझर गांव लागतें. लाक्षागृहांतून सुटल्यावर पांडव जेथें राहिले व भीमानें बकासुरास मारिलें ती एकचक्रा हीच, असें येथील लोक सांगतात. असाच अभिमान इतर प्रांतांतील गांवेंही बाळगतात. मग निर्णय कशानें करावा? या प्रश्नासाठीं वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांच्या कार्याकडे पाहणें आम्हांस उचित वाटतें.

मिराशी जन्मानें कोंकणचे. परंतु नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत संस्कृत शिकवीत ते विदर्भाचेच झाले. त्यांनीं संपादिलेले उत्कीर्ण लेखांचे संग्रह अनुक्रमें कलचुरि-चेदि संवताचा १९५५, वाकाटकांचा १९६३ व शिलाहारांचा १९७७ सालीं निघाले. शेवटच्या वेळीं त्यांचें वय ८४ होतें.

वाकाटकांचें मूलस्थान जायसवालांनीं बुंदेलखंडांत मानिलें होतें. मिराशींनीं तें दक्षिणेकडे नेलें. १९३९ सालीं प्रकाशांत आलेल्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटांतील बिरुदें दक्षिणी राजांच्या बिरुदांशीं जुळतात, हें त्यांचें एक प्रमाण. मत पटो वा न पटो, तें तपासतां येतें. हाच त्याचा गुण होय.

त्यांचा दोष मात्र सांगितलाच पाहिजे. दंडीच्या दशकुमारचरितांतील विश्रुतचरितांत त्यांनीं वाकाटकांच्या ऱ्हासाचा इतिहास पाहिला. दंडी त्या ऱ्हासानंतर शतकाहून अधिक काळानें झाला. त्याची कथा रंजनासाठीं रचिलेली. तिच्या पात्रांस राजांचीं नांवें देणें हें आख्यायिकेवरून एकचक्रा ठरविण्याहून फारसें निराळें नव्हे. पुढें वाल्टर स्पिंक यांनीं अजिंठ्याचा कालक्रम बऱ्याच अंशीं याच आधारावर उभारिला, म्हणून हा दोष लहान म्हणतां येत नाहीं. ताम्रपटाची कसोटी लावणाऱ्या मिराशींनीं येथें स्वतःचीच कसोटी सैल केली, असें आमचें मत आहे.

तथापि त्यांच्या शिकवणीचा सार कायम राहतो. प्रभावतीगुप्तेचा पुणें ताम्रपट एका तांबटाकडून मिळाला. त्यानें ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या ठरली व वाकाटकांच्या कालगणनेस पक्का आधार लाभला. तोच पत्रा मुशींत गेला असता तर? ज्यांच्या घरीं पत्रे वा पोथ्या असतील त्यांनीं त्या दाखवाव्या, ठसे घेऊं द्यावे, एवढीच विनंति. केळझरच्या पक्षीं एक जरी अक्षर निघालें, तरी आम्ही तें आनंदानें मान्य करूं. तोंवर एकचक्रा श्रद्धेंत नांदो, इतिहासांत नव्हे.