निकालपत्रातील गद्य

कोर्टाच्या निकालपत्राकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. बांधाच्या दाव्याचा निकाल हाती आला की शेवटचे पान उघडायचे, दावा मंजूर की नामंजूर एवढे पाहायचे आणि कागद ट्रंकेत टाकायचा! पण शेजाऱ्यांच्या जागेच्या भांडणावरचे एक इंग्रजी निकालपत्र केवळ गद्यासाठीही वाचले जाते. लॉर्ड डेनिंग यांनी ते १९७७ साली 'मिलर विरुद्ध जॅक्सन' या खटल्यात लिहिले.

हकीकत साधी आहे. डरहॅम परगण्यातील लिंट्झ येथे सुमारे ७० वर्षे क्रिकेटचे मैदान होते. शेजारच्या शेतात पुढे घरे झाली. त्यांतले एक मिलर दांपत्याने १९७२ मध्ये घेतले आणि षटकारांचे चेंडू त्यांच्या परसात येऊ लागले. क्लबने कुंपण जवळजवळ १५ फुटांपर्यंत चढवले, परसावर जाळी घालून देण्याची आणि नुकसान भरून देण्याची तयारी दाखवली. मिलर यांना मात्र मनाई हुकूमच हवा होता. खालच्या कोर्टाने तो दिला, म्हणून क्लब अपिलात गेला.

डेनिंग कायद्यापासून आरंभ करीतच नाहीत. ते उन्हाळ्यातल्या खेड्याचे चित्र काढतात. हिरवे मैदान, तरुण खेळाडू, पाहायला जमलेली वडीलधारी मंडळी, सारे आखूड आखूड वाक्यांत. पूर्वी तिथे गुरे होती, त्यांची खेळाबद्दल काही तक्रार नव्हती, असा चिमटाही आहे. फिर्यादी मात्र 'नवा आलेला' एवढाच. दहावीच्या वहीत 'माझे गाव' या विषयावर असा निबंध आला असता तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. परंतु निकालपत्रात ही शैली फसवी ठरते. चित्रात चेहरा एकाच पक्षाला मिळतो. सामना असला की परसात पाऊल टाकायला न धजणारे कुटुंब कुंपणापलीकडेच राहते. 'आम्ही आधी होतो' हा क्लबचा मुद्दा डेनिंग सिद्ध करीत नाहीत, तो आपल्या मनात रुजवतात.

आणि नेमका तोच मुद्दा कायद्याने जवळजवळ १०० वर्षांपूर्वी नाकारलेला होता. १८७९ च्या 'स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन' खटल्यात एका मिठाईवाल्याचे खलबत्ते २० वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने मागाहून परसात तपासणीची खोली बांधली आणि आवाजाविरुद्ध दावा लावला. मिठाईवाल्याने वहिवाट पुढे केली, तरी डॉक्टर जिंकला. कारण जोवर तक्रार करण्याजोगा उपद्रवच नव्हता, तोवर वहिवाटीची वर्षे मोजता येत नाहीत. (२० वर्षांची ही मुदत आपल्याही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, बांधावर भांडणाऱ्या मंडळींना ती तोंडपाठ असते!)

लिंट्झच्या अपिलात दुसरे न्यायमूर्ती जेफ्री लेन यांनी हाच नियम पाळला. त्यांचे गद्य रुक्ष आहे. घराला चेंडू लागल्याच्या नोंदी, कुंपणाची उंची, मग नियम. पण मिलर कुटुंबाची भीती कळते ती इथेच. जुना नियम जाचक वाटला तरी तो मोडणे आपले काम नव्हे, असे ते सरळ म्हणतात. मला हे गद्य डेनिंगपेक्षा मोठे वाटते, जरी कोणी त्याचे पाठांतर करणार नाही.

तिसरे न्यायमूर्ती कमिंग-ब्रूस यांची फारशी आठवण कोणी काढत नाही. निकाल मात्र त्यांच्या मताने फिरला. उपद्रव आहे, याबाबत ते लेन यांच्या बाजूचे. मनाई हुकूम नको, गावाचे हितही पाहिले पाहिजे, याबाबत डेनिंगच्या बाजूचे. परिणामी खेळ चालू राहिला आणि मिलर यांना मागच्या-पुढच्या त्रासाबद्दल ४०० पौंड मिळाले. म्हणजे उपद्रव नाहीच, हे डेनिंगचे म्हणणे त्यांच्याच पीठावर अल्पमतात गेले होते. त्यांचा आरंभ तोंडपाठ असलेल्या कित्येकांना याचा पत्ता नसतो.

२०१४ मध्ये 'कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स' या सफोकमधील शर्यतींच्या मैदानाच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रश्न पुन्हा हाती घेतले. शेजारी मागाहून राहायला आला, हा सर्वसाधारणपणे बचाव होत नाही, हे त्याने कायम ठेवले. मात्र शेजाऱ्याने स्वतःच्याच जागेवर नवे बांधकाम केले असेल, तर वेगळा विचार होऊ शकेल अशी फट ठेवली. मनाई हुकुमाऐवजी भरपाई देण्याची वाट मात्र त्याने बरीच रुंद केली.