न दिसणारा सवंगडी आणि मराठी बालपण

मराठी घरात मूल एकटे कधीच नसते. पाचवीच्या पूजेला सटवाई येते. झोपेत बाळ हसले की आजी म्हणते, सटवाई हसवते आहे. पुढे चांदोबा मामा होतो, चिऊ-काऊ घासाला येतात, जेवण रेंगाळले की दाराआड बागुलबुवा उभा राहतो. मूल पडले तर आपण जमिनीलाच चापट मारतो. घरात एवढी अदृश्य वर्दळ असूनही तीन-चार वर्षांच्या मुलाने स्वतः निर्माण केलेल्या सवंगड्याला आपल्याकडे नाव नाही. ‘काल्पनिक मित्र’ हा शब्द भाषांतरातून आलेला. घरात तो कोणी वापरत नाही. साहित्यातही या सवंगड्याला फारशी जागा मिळालेली नाही. असे का झाले असावे?

पहिला भेद मालकीचा आहे. बागुलबुवा मोठ्यांचा. तो केव्हा यायचा आणि कशासाठी, हे मोठी माणसे ठरवतात. मुलाचा सवंगडी मुलाच्या मर्जीने येतो, त्याच्याच ताटाशेजारी बसतो आणि कधी कधी त्याचेही ऐकत नाही. ज्याँ पियाजे यांनी १९४५ साली मुलांच्या प्रतीकनिर्मितीवर लिहिलेल्या ग्रंथात आपल्या मुलीच्या अशा एका प्राण्याची नोंद आहे. चार वर्षांची होत आलेल्या या मुलीने पक्ष्यासारखे काहीतरी कल्पिले. सुमारे दोन महिने ते तिच्या सोबत होते. शिकताना मदत, शिस्त पाळताना धीर आणि दुःखात सांत्वन, अशी तिन्ही कामे त्याने केली. मार्जरी टेलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील शंभर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. स्वभाव दिलेल्या बाहुल्याही यात मोजल्या आहेत. म्हणजे ही विकृती नाही, बालपणातली नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या बालशिक्षणावर मोठा प्रभाव मारिया माँटेसरींचा. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाकडे त्या साशंकतेने पाहत. खरा घोडा नाही म्हणून काठी, असे त्यांचे म्हणणे. मोठ्यांनी सांगितलेल्या परीकथेत कल्पना मोठ्यांची असते, मूल फक्त विश्वास ठेवते, हाही त्यांचा आक्षेप. दुसरा आक्षेप बागुलबुवाला तंतोतंत लागू पडतो. पहिला मात्र टिकत नाही. लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात त्याच काठीविषयी वेगळे सांगितले: काठीला घोडा म्हणताना मूल प्रथमच अर्थाला वस्तूपासून सोडवते. विचार करण्याची ती सुरुवात असते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरी पद्धत स्वीकारली, पण गोष्ट सोडली नाही. गिजुभाईंनी तर ‘वार्तानुं शास्त्र’ लिहिले. १९२६ च्या नूतन बालशिक्षण संघापासून बोर्डी-कोसबाडपर्यंतच्या कामात गोष्ट आणि गाणे या दोन्हींना स्थान होते. तरीही तिथली गोष्ट बहुधा मोठ्यांनी सांगायची आणि मुलांनी ऐकायची. मुलाने सांगायची गोष्ट हा प्रश्न बाजूलाच राहिला.

साहित्यात हेच दिसते. आमच्या जिल्ह्यातील पालगडचे बालपण सांगणारी ‘श्यामची आई’ (१९३५) घ्या. ‘मुकी फुले’, ‘मोरी गाय’ या प्रकरणांत न बोलणाऱ्या जिवांना वाचा मिळते, पण आईच्या तोंडून आणि काही शिकवण्यासाठी. श्यामचे हृदय हळवे करणारी ही किमया मोठीच आहे. पण झाडाशी श्याम स्वतः काय बोलला असता, ते आपल्याला कळत नाही. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’पासून (१९९४) चित्र पालटते. आईवडिलांपासून दूर आजीकडे राहणारा लंपन सतत स्वतःशी बोलतो, ‘मॅड’सारखा शब्द आपल्या मापाने वापरतो. त्याला वेगळा अदृश्य मित्र लागत नाही, कारण ती जागा त्याच्या भाषेने घेतली आहे. पण लंपन शाळकरी आहे. त्याआधीची वर्षे, जिथे सवंगडी जन्मतो, मराठी गद्यात बव्हंशी कोरी आहेत. आत्मपर लेखन आठवणीतून सुरू होते आणि त्या वयाची आठवण लेखकाकडे नसते. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) या बालकवितेने मात्र वेगळी वाट धरली. तिने स्मृतीचा आधार न घेता मुलाच्या रीतीनेच एक देश वसवला, आणि त्या देशात उपदेशाला नोकरी दिली नाही.

हा केवळ वाङ्मयीन प्रश्न नाही. जिथे शब्द नसतो तिथे तयार चौकटी धावून येतात. अँटोनिया मिल्स यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील अदृश्य सवंगडी असलेली मुले आणि भारतातील पूर्वजन्म सांगणारी मुले यांची तुलना केली. मूल काय बोलते याइतकेच ऐकणारे ते कोणत्या चौकटीत बसवतात, हेही इथे महत्त्वाचे ठरते. आमच्या कोकणात तर राखणदार आणि चाळा हाताशीच असतात. कोपऱ्याशी बोलणाऱ्या नातवाला पाहून एखादी आजी मीठमोहरी उतरवील, शहरातली आई समुपदेशकाचा नंबर शोधील, आणि दोघींच्या मध्ये मुलाच्या हाती मोबाइल दिला जाईल. तिघांपैकी कोणीच ‘तो काय म्हणतो?’ असे विचारणार नाही. खरोखर घाबरलेल्या, झोप उडालेल्या किंवा माणसांत मिसळणेच सोडलेल्या मुलाला तज्ज्ञाकडे न्यायलाच हवे. पण निव्वळ सवंगडी असणे हे त्याचे कारण होऊ नये.

खरे तर आपल्या भाषेने यावर एक उत्तर मुलांपाशीच ठेवले आहे. मोठ्यांच्या कोशात ‘खोटे’ म्हणजे असत्य. भातुकली मांडलेले मूल मात्र ‘खोटं-खोटं’ म्हणते आणि रिकाम्या वाटीतला चहा आपल्या हाती देते. शब्द दोनदा उच्चारला की फसवणूक संपते, खेळ सुरू होतो. सवंगडी खरा नाही हे बहुतेक मुलांना ठाऊक असते, असे टेलर यांचे संशोधन सांगते. मराठी मुलांचे व्याकरण ते आधीपासून सांगत आले आहे. समीक्षकांनी आणि लेखकांनी या जोडशब्दाकडे परिभाषा म्हणून पाहावे. तोवर घरातल्यांनी एवढे करावे: तो चहा प्यावा, आणि शेजारी कोण बसले आहे ते विचारावे.